फॉइन्स ते गँडर: पंख्याच्या विमानांच्या वाटेवरून

रविवार, लिमरिक

भाचा आयर्लंडात लिमरिकला नोकरी करतो आणि लेक टोरांटोला असते. दोघांकडेही एकाच उन्हाळ्यात जायचं ठरलं तेव्हा मी नकाशा घेऊन बसलो. पुण्याच्या हवामान खात्यात, म्हणजे आमच्या सिमला ऑफिसात, माझी सगळी नोकरी नकाशावर समदाब रेषा, म्हणजे सारख्या हवेच्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, ओढण्यात गेली. उत्तर अटलांटिकवरच्या हवाई वाहतुकीनं हवामानशास्त्राला किती कामाला लावलं हे वाचून माहीत होतं. ती गावं डोळ्यांनी पाहायची इच्छा फार जुनी.

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला फॉइन्स आणि पलीकडे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये बॉटवुड. १९३७ ते १९४५ या काळात समुद्रापलीकडे जाणारी ‘फ्लाइंग बोट’ विमानं या दोन गावांच्या पाण्यावर उतरत. पुढे धावपट्टीवर उतरणारी विमानं आली आणि शॅनन व गँडर यांचे दिवस सुरू झाले. ही चारही ठिकाणं बघायची, आणि तीही पूर्वेकडून पश्चिमेकडे जात, असं मी ठरवलं. त्या काळी अवघड दिशा तीच होती.

व्हिसाचं एकदाच सांगून टाकतो. आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा. कॅनडाचा वेगळा. दोन्ही अर्ज पुरेसे आधी करा, बाकी काही अडचण येत नाही.

आम्ही नवरा-बायको लिमरिकला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि लख्ख उजेड होता. भाच्यानं पिठलं-भात करून ठेवला होता. “मामी, उद्यापासून ब्राऊन ब्रेड आणि सूप, आज पोटभर जेवून घे,” तो म्हणाला. तसंच झालं.

सोमवार, फॉइन्स

लिमरिकहून फॉइन्स चाळीस किलोमीटरच्या आत आहे. रस्ता शॅनन नदीच्या खाडीच्या कडेकडेनं जातो. बारीक पाऊस, मध्येच ऊन, पुन्हा पाऊस. गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, दोन-चार दुकानं, एक बंदर आणि समोर झाडांनी भरलेलं बेट. त्या बेटामुळेच इथलं पाणी शांत राहतं, आणि फ्लाइंग बोटला उतरायला असं आडोशाचं, लांबरुंद पाणी लागायचं.

संग्रहालय जुन्या टर्मिनलच्या इमारतीतच आहे. तिकीट फाडणाऱ्या बाईंना मी कुठून आलो आणि काय काम करत होतो ते सांगितलं, तर त्या उठून स्वतःच दाखवायला निघाल्या. त्यांच्या आजी त्या काळी विमानातल्या चादरी-अभ्रे धुण्याच्या कामावर होत्या. “ओळीनं वाळत घातलेल्या चादरी पाहिल्या की गावाला कळायचं, आज विमान आलंय,” असं आजी सांगायच्या म्हणे.

विमानात चादरी कशाला, असं वाटेल. मागच्या आवारात बोइंग ३१४ ची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केलीय, तिच्यात शिरलं की उत्तर मिळतं. अशी १२च विमानं बनली. पंखांचा पसारा १५२ फूट, चार इंजिनं, आणि आत एकामागून एक खोल्या. दिवसा ७४ माणसं बसत; रात्री आसनांच्या बर्थ केल्या की चाळीसच्या आत. जेवणासाठी वेगळी खोली, तिथे पांढरे कोट घातलेले वाढपी. अगदी शेपटीकडे नवविवाहितांसाठी एक स्वतंत्र खोली. ही तिथल्या बर्थवर हात फिरवून म्हणाली, “अहो, आपल्या डेक्कन क्वीनपेक्षा ऐसपैस आहे!” पंखांच्या आतून इंजिनापर्यंत सरपटत जायची वाट होती. विमान उडत असताना इंजिनियर त्या वाटेनं जाऊन इंजिनाची दुरुस्ती करू शकत असे.

१९३९ च्या जुलैत पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं ‘यांकी क्लिपर’ न्यूयॉर्कहून शेडियाक, बॉटवुड, फॉइन्स असं थांबत प्रवाशांसह साउथॅम्प्टनला गेलं. एकेरी भाडं ३७५ डॉलर. त्या काळी अमेरिकेत नवी मोटार सात-आठशे डॉलरला येई, यावरून अंदाज करा. दोन महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. आयर्लंड तटस्थ राहिला तरी फॉइन्सची वर्दळ चालूच राहिली, उलट वाढली. साध्या कपड्यातले सेनाधिकारी, मुत्सद्दी, निर्वासित असे सगळे या एका रस्त्याच्या गावातून गेले.

पण मी रमलो तो रेडिओ आणि हवामानाच्या खोलीत. जुने ट्रान्समीटर, हेडफोन, मोर्सची बटणं. पितळी बटण बोटाच्या दाबानं गुळगुळीत झालेलं. मी बाईंना विचारून त्यावर बोट ठेवलं. दोन बोटांत धरायची ती काळी टिकली, खालची स्प्रिंग अजून ताठ. याच बटणांवरून समुद्रावरच्या विमानाशी बोलणं व्हायचं, आणि जहाजांनी पाठवलेल्या नोंदींवरून नकाशा तयार व्हायचा. हजारो चौरस मैलांत चार-पाच आकडे! त्यावर समदाब रेषा ओढून वैमानिकाला सांगायचं की जा, किंवा जाऊ नको. आमच्याकडे अरबी समुद्रावरच्या नोंदी कमी येत तेव्हा आमची काय तगमग व्हायची ते आठवलं, आणि आमच्या निर्णयावर त्याच रात्री कुणी पाण्यावर झेप घेत नसे. आयर्लंडची हवामान सेवा १९३६ मध्ये सुरू झाली ती मुख्यतः या हवाई मार्गासाठी.

वाऱ्याचा हिशेब किती कडक होता ते पहिल्याच चाचणीत दिसलं. ५ जुलै १९३७ च्या संध्याकाळी एकाच वेळी दोन विमानं निघाली: बॉटवुडहून पॅन ॲमचं ‘क्लिपर ३’ पूर्वेला आणि फॉइन्सहून ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजचं ‘कॅलिडोनिया’ पश्चिमेला. अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर. पूर्वेकडे येणाऱ्याला साडेबारा तासांच्या आसपास लागले, पश्चिमेला जाणाऱ्याला पंधरा तासांच्या वर. विमानं वेगळी होती हे खरं, पण वारा नाकावर घेऊन जाणं म्हणजे काय ते त्या आकड्यांत आहे.

वारा फारच विरोधात गेला तर अर्ध्या वाटेवरून परत यावं लागे. असंच एक विमान १९४२-४३ च्या हिवाळ्यात रात्री फॉइन्सला परतलं. प्रवासी गारठलेले. जो शेरिडन नावाच्या आचाऱ्यानं कॉफीत आयरिश व्हिस्की घालून वर सायीचा थर दिला. कुणीतरी विचारलं, ही ब्राझीलची कॉफी का? तो म्हणाला, नाही, ही आयरिश कॉफी. गोष्ट अशी सांगतात, आणि संग्रहालयात ती कॉफी करूनही दाखवतात. काचेचा पेला आधी गरम पाण्यानं तापवायचा, ब्राऊन शुगर आणि व्हिस्की घालायची, कडक कॉफी ओतायची, मग किंचित फेटलेलं क्रीम चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडायचं. साखर असली तरच क्रीम वर तरंगतं. ढवळायचं नाही, गार क्रीममधून गरम कॉफी प्यायची. मी प्यायलो, हिनं साधी कॉफी घेतली, आणि दोघांनी मिळून सोडा ब्रेडची अख्खी टोपली संपवली.

परत न येऊ शकलेल्यांचीही एक कथा बाईंनी सांगितली. ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘बर्म्युडा स्काय क्वीन’ हे बोइंग ३१४ फॉइन्सहून गँडरकडे निघालं. समोरचा वारा अपेक्षेपेक्षा जोरदार निघाला. पुढे गाठायला इंधन पुरेना, मागे फिरायलाही पुरेना. वैमानिकानं हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी समुद्रात तैनात असलेल्या ‘बिब’ या अमेरिकी तटरक्षक जहाजाजवळ विमान उंच लाटांवर उतरवलं. विमानात ६९ जण होते. सगळेच्या सगळे वाचले. हवामानाच्या जहाजानं माणसं वाचवली, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, निघण्याआधी वेळा बघून घ्या. दोन तास धरून येऊ नका, अर्धा दिवस द्या. लिमरिकहून बस आहे, पण गाडी असेल तर वाटेत ॲडेअर हे गवताच्या छपरांच्या घरांचं गाव करता येतं. छत्रीपेक्षा टोपीवाला रेनकोट घ्या, इथला वारा छत्री उलटी करतो.

मंगळवार, शॅनन

फॉइन्सच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे बघितलं की वरच्या अंगाला शॅनन विमानतळाची बाजू येते. पलीकडे तो सखल दलदलीचा प्रदेश, रिनिॲना. तिथे धावपट्ट्या झाल्या आणि २४ ऑक्टोबर १९४५ रोजी अमेरिकन ओव्हरसीज एअरलाइन्सचं डीसी-४ न्यूयॉर्कहून गँडरमार्गे इथे उतरलं. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाची अटलांटिकवरची ती पहिली नियमित प्रवासी फेरी. त्याच महिन्यात फॉइन्सहून शेवटची नियमित फ्लाइंग बोट सुटली. इतक्या झटक्यात एक काळ संपला आणि फॉइन्सचे लोक सामान उचलून खाडीपलीकडे कामाला गेले.

त्यांत ब्रेंडन ओ’रीगन होते. फॉइन्सच्या उपाहारगृहाचं काम पाहणारा हा माणूस. शॅननला थांबणारे प्रवासी तांत्रिकदृष्ट्या आयर्लंडात आलेलेच नसतात, मग त्यांना करमुक्त माल का विकू नये, असं त्यानं सुचवलं आणि १९४७ मध्ये जगातलं पहिलं ड्युटी-फ्री दुकान इथे निघालं. आज मुंबईच्या विमानतळावर आपण चॉकलेटच्या डब्यांमधून वाट काढत गेटवर जातो, त्याचं मूळ या खाडीकाठी आहे.

विमानतळावर आम्ही आतपर्यंत जाऊ शकलो नाही, पण बाहेरच्या भागात जुने फोटो आहेत. भाचा म्हणाला, “मामा, एवढ्या मोठ्या विमानाला मध्ये थांबायची गरज काय होती?” त्याला इंधनाचा हिशेब सांगितला. कॉन्स्टेलेशन, डीसी-६, स्ट्रॅटोक्रूझर ही सगळी पिस्टन इंजिनाची विमानं. स्ट्रॅटोक्रूझरच्या एकेका इंजिनात २८ सिलिंडर आणि ५६ स्पार्क प्लग, अशी चार इंजिनं. खालच्या मजल्यावर गोल जिन्यानं उतरायचं, तिथे बसून गप्पा मारायला बार. थाट मोठा, पण समोरून वारा असला की न्यूयॉर्क एका दमात गाठण्याची खात्री नसे. म्हणून शॅनन, म्हणून गँडर. न थांबता दोन्ही दिशांना जाऊ शकणारी डीसी-७सी १९५६ मध्ये आली, तोवर जेट दारात उभं होतं.

आपल्याकडचे लोकही याच काळात या समुद्रावरून उडू लागले. एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेली. पुढचा अटलांटिक दुसऱ्या कंपनीच्या विमानानं पार करायचा, कारण एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली ती १९६० मध्ये, आणि तेव्हा जेट घेऊनच. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बोटीनं न्यूयॉर्कला शिकायला गेले होते. १९५२ च्या जूनमध्ये त्याच कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला ते विमानानं गेले. अटलांटिकवर तेव्हा प्रवाशांसाठी जेट नव्हतंच. साठीचा, आजारांनी थकलेला माणूस त्या घरघरणाऱ्या विमानांतून एवढा लांबचा पल्ला करून गेला आणि पंधरवड्याच्या आत परतला, हे मला आजवर लक्षातच घ्यावंसं वाटलं नव्हतं. शॅननच्या फोटोंपुढे उभं राहिल्यावर ते जाणवलं.

हाताशी वेळ असेल तर जवळच बनरॅटीचा किल्ला आहे. आम्ही तिथे सफरचंदाचा केक खाल्ला आणि संध्याकाळी गाडीनं डब्लिन गाठलं.

बुधवार, समुद्रावर

डब्लिन-टोरांटो, साडेसात तासांच्या आसपास. खिडकी मिळाली. खाली ढगच ढग.

हिला झोप लागली आणि मी समोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग बघत बसलो. तो सरळ नव्हता, उत्तरेकडे चांगलाच वाकलेला होता. पृथ्वी गोल असल्यामुळे थोडा वाकडा दिसणारच, पण त्याखेरीज वाऱ्याचाही भाग असतो. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्याच्या दक्षिणेनं गेलात तर वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंडावर. उत्तरेनं वळसा घातलात तर तोच वारा पाठीवर. पंख्याच्या काळातले नॅव्हिगेटर हे ओळखून मुद्दाम लांबच्या वाटेनं जात आणि लवकर पोचत. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात सुंदर डोकं चाललं ते इथे. इंजिनं कारखान्यात बनली, पण ही वाट रोज नव्यानं, हातानं, पेन्सिलीनं काढावी लागे.

तेव्हा विमानाच्या टपाला काचेचा छोटा घुमट असायचा. नॅव्हिगेटर त्यात डोकं घालून सेक्स्टंट या कोनमापकानं ताऱ्यांची उंची मोजायचा आणि आपण कुठे आहोत ते ठरवायचा. दुसरीकडे इंधनाचा आलेख चालू असे. किती अंतर गेलं, किती इंधन उरलं. पॅन ॲमचे लोक त्याला ‘हाउगोझिट’ म्हणत. आलेखावर एक जागा अशी येई की तिच्या पुढे गेलं तर मागे फिरणं संपलं. प्रवासी त्या वेळी बर्थवर झोपलेले असत.

आजही ती पद्धत पूर्ण गेलेली नाही. वारे बघून अटलांटिकवरच्या हवाई वाटा रोज नव्यानं आखल्या जातात. समुद्राच्या पूर्व भागातली विमानं स्कॉटलंडच्या प्रेस्टविकमधून, शॅननजवळच्या रेडिओ केंद्राच्या साथीनं, आणि पश्चिम भागातली गँडरमधून सांभाळली जातात. नावं तीच राहिली, फक्त आता उतरावं लागत नाही.

टोरांटोत लेकीकडे काही दिवस गेले. ते घरचे, त्यांचं वर्णन इथे नको.

सोमवार-मंगळवार, हॅलिफॅक्समधली रात्र

गँडरला जायला हॅलिफॅक्सला विमान बदलायचं होतं. हॅलिफॅक्सवर धुकं इतकं दाट की गेटच्या काचेतून समोरचं विमान दिसेना. संध्याकाळची फेरी रद्द झाली. गर्दी काउंटरवर, काहीजण चिडलेले. मी हिला म्हटलं, “अगं, एवढं लांब येऊन हवामानानं अडवलं नसतं तर हा प्रवास पुरा झाला नसता.” ती म्हणाली, “तुम्हाला आनंद झालेला दिसतोय.” झाला होता, खरंच.

आमच्या बाकावर न्यूफाउंडलंडच्या एक आजी होत्या, मुलीला भेटून घरी चाललेल्या. त्यांनी पिशवीतून मनुक्यांचे बन काढले आणि ओळख ना पाळख, आम्हा दोघांच्या हातात एकेक ठेवला. आम्ही टोरांटोहून आणलेली शंकरपाळी दिली. त्यांनी एक खाल्ली, मग मूठभर रुमालात बांधून घेतली. त्यांचे वडील गँडरच्या विमानतळावर बर्फ काढण्याच्या कामावर होते. हिवाळ्यात रात्रभर धावपट्टी मोकळी करायची, कारण युरोपकडून येणाऱ्या विमानाकडे दुसरीकडे जाण्याइतकं इंधन असेलच असं नाही. “बाबा सकाळी येऊन म्हणायचे, आज इतकी उतरली. तेवढंच बोलून झोपायचे.”

सूचना: न्यूफाउंडलंडला जाताना पुढच्या जोडणीत एक दिवस मोकळा ठेवाच. जून-जुलैत या किनाऱ्यावर धुकं नेहमीचं आहे. गरम पाण्याचा थर्मास आणि एक जाड स्वेटर हातातल्या बॅगेत हवा.

मंगळवार दुपार, गँडर

सकाळी धुकं फाटलं. हॅलिफॅक्सहून विमान पंख्याचं होतं. टर्बाइनवर चालणारं, जुन्या पिस्टनचं नव्हे, तरी खिडकीतून फिरणारा पंखा आणि पायाखालची थरथर यानं मी खूष. खाली मैलोन्‌मैल काळपट झाडी आणि तळी, मग एक लांबुळकं सरोवर, आणि एकदम प्रचंड धावपट्टी.

विमानातून उतरून मी घड्याळ लावायला गेलो. न्यूफाउंडलंडची वेळ अर्ध्या तासाच्या फरकाची आहे, आपल्यासारखीच. त्यामुळे माझ्या मनगटावरच्या, अजून पुण्याची वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचा मिनिटकाटा जागच्या जागी बरोबर होता. फक्त तासकाटा आठ तास मागे नेला.

हा विमानतळ १९३८ मध्ये वापरात आला. समुद्रापासून थोडा आत असल्यानं किनाऱ्यापेक्षा इथे धुकं कमी, म्हणून ही जागा निवडली. नोव्हेंबर १९४० मध्ये इथूनच सात हडसन विमानांचा पहिला ताफा महायुद्धासाठी समुद्र ओलांडून गेला. तेव्हाच्या इथल्या हवामान प्रमुखाचं नाव पॅट्रिक मॅकटॅगर्ट-कॉवन, आणि वैमानिक त्यांना ‘मॅकफॉग’ म्हणत. हायवेवरच्या विमान संग्रहालयात त्या काळचं हडसन आणि बरंच काही आहे. मी ‘मॅकफॉग’विषयी विचारलं तर तिथला तरुण मुलगा चमकून म्हणाला, “त्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.” मग आम्ही दोघं बराच वेळ धुक्याच्या अंदाजावर बोललो.

सप्टेंबर १९४६ मध्ये बेल्जियमच्या सबेना कंपनीचं डीसी-४ गँडरजवळच्या जंगलात कोसळलं. १८ जण वाचले, पण त्यांच्यापर्यंत रस्ता नव्हता. हेलिकॉप्टर सुटी करून मोठ्या विमानातून इथे आणली, पुन्हा जोडली आणि त्यांतून जखमींना बाहेर काढलं. हेलिकॉप्टरनं केलेल्या सुरुवातीच्या मोठ्या सुटकांपैकी ही एक.

आणि विमानतळावरचं आंतरराष्ट्रीय लाउंज. आधी विचारून ठेवलं होतं, आत सोडलं. राणी एलिझाबेथनं १९ जून १९५९ ला त्याचं उद्‌घाटन केलं. चकचकीत टेराझोची फरशी, तिच्यात भौमितिक रेषा, रंगीत खुर्च्या, आणि एका भिंतीभर केनेथ लॉकहेड यांचं ७२ फुटी चित्र, पक्षी आणि माणसं उडण्याच्या नाना तऱ्हांत. अंड्याच्या बलकात रंग कालवून काढलेलं. ५०० डझनांवर अंडी लागली म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाचा थर मऊ, पिठूळ, चमक नसलेला. ही स्त्रियांच्या विश्रांतिकक्षातली आरशांची रांग पाहून आली आणि म्हणाली, “रात्री दोनला विमानातून उतरलेल्या बायकांनी इथे पदर-बिदर सारखा केला असेल.” तिनं ‘पदर’ म्हटलं. म्हणजे तिच्या डोळ्यांपुढेही आपल्याच कुणीतरी बायका होत्या.

मला वाईट वाटलं ते तारखांचं. ऑक्टोबर १९५८ मध्येच बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि पॅन ॲमचं ७०७ ही जेट अटलांटिकवर सुरू झाली होती. पॅन ॲमचं पहिलं ७०७ पॅरिसला जाताना इंधनासाठी गँडरलाच उतरलं हे खरं, पण पुढच्या काही वर्षांत जेटना थांबायची गरज उरली नाही. इतकं देखणं लाउंज बांधून झालं आणि प्रवासी डोक्यावरून जाऊ लागले. ते पाडायचं अशी चर्चाही मध्यंतरी होती. पाडलं असतं तर मोठं नुकसान झालं असतं. हे जपलंच पाहिजे.

गावकऱ्यांची उतरलेल्यांना घरात घेण्याची सवय मात्र गेली नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा ३८ विमानं इथे उतरली. साडेसहा हजारांवर माणसं, आणि गावची वस्ती जेमतेम दहा हजार. हॅलिफॅक्सच्या आजींचा बन खाल्ल्यावर यात मला काही नवल वाटलं नाही.

बुधवार, बॉटवुड

सकाळी नाश्त्याला टाउटन. पावाच्या कणकेचे गोळे चपटे करून तळतात आणि वर काकवी ओततात. जाड घारग्याचा भाऊच. शाकाहारी मंडळींनी आधी विचारा, कारण पूर्वापार ते डुकराच्या चरबीत तळतात; आमच्या मालकीणबाईंनी तेलात करून दिले. बरोबर पार्ट्रिजबेरीचा आंबट जॅम.

बॉटवुड सव्वा तासावर. रस्त्यावर मूस नावाच्या अवाढव्य हरणांच्या पाट्या लागतात, त्या गांभीर्यानं घ्या. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. आम्हाला एक मादी पिल्लासह कडेला दिसली, घोड्याहून उंच.

गाव एक्सप्लॉइट्स उपसागराच्या काठी आहे. वरच्या ग्रँड फॉल्सच्या गिरणीतला कागद इथून जहाजांवर चढायचा. गिरणी २००९ मध्ये बंद झाली. इमारतींच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवलीत, त्यांत फ्लाइंग बोटीही आहेत. काठावर एक खरं कॅन्सो विमान ठेवलंय, पाण्यावर उतरणारं. त्याच्या पोटाखाली उभं राहिलं की कळतं, हे खरोखर होडीचंच बूड आहे.

पाणी फॉइन्ससारखंच आडोशाचं, पण रंग वेगळा, काळानिळा. हिवाळ्यात हा उपसागर गोठतो, म्हणून थंडीत फ्लाइंग बोटी ही वाट सोडून दक्षिणेची अझोर्स बेटं आणि लिस्बनकडून जात. धक्क्यावर एक वृद्ध गृहस्थ कुत्रा घेऊन बसले होते. लहानपणी त्यांना वडिलांनी खांद्यावर बसवून विमान उतरताना दाखवलं होतं. “आधी आवाज यायचा. मग सगळं गाव काठावर. पाणी दोन्ही बाजूंना उडायचं, आणि मग एकदम लहान होडी त्याच्याकडे जायची.” मी त्यांना सांगितलं की आम्ही आठवड्यापूर्वी फॉइन्सला होतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “ते गाव कसं आहे? मी कधी पाहिलं नाही. विमानं तिकडूनच यायची ना.”

मी फोनवरचे सगळे फोटो त्यांना दाखवले. बेट, धक्का, मोर्सचं बटण, एकच रस्ता. त्यांना सगळ्यात आवडला तो सोडा ब्रेडच्या टोपलीचा. पत्ता घेतलाय, भाचा फॉइन्सचं एक चित्रकार्ड पाठवणार आहे.

दुपारी गँडरला परतलो, रात्री टोरांटोचं विमान वेळेवर सुटलं. ज्यांना हा मार्ग करायचा असेल त्यांनी जूनचा शेवट किंवा जुलैची सुरुवात निवडावी. हाताशी दोन दिवस जास्त असतील तर गँडरहून ट्विलिंगेटला जा, हिमनग दिसण्याची शक्यता असते. आमची ती बाजू राहिली. पुढच्या वेळी अझोर्सचं होर्ता आणि लिस्बन, म्हणजे हिवाळ्यातली दक्षिणेकडची वाट करायची आहे. तिथल्या हवामानाच्या नोंदी मी आत्ताच काढायला घेतल्यात.